स्वस्तातला सेंटर

उंची सहा फूट दहा इंच किंवा त्यापुढे. वय तिशीच्या आत; तिशी उलटली असल्यास गुडघे मूळचे असावेत. रिबाउंड घेणारा, स्क्रीन लावणारा, चेंडू फारसा न मागणारा. पूर्वीच्या संघाशी फारकत झालेली चालेल, कारण मात्र कळलं पाहिजे. परदेशस्थ चालेल. अपेक्षा: किमान.

ही जाहिरात कुठल्या वधूवर सूचक मंडळाच्या अंकात आलेली नाही. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोच्या पूर्वेला फॉल्सम नावाचं गाव आहे. तिथे इंटेलचं मोठं आवार आहे आणि त्यामुळे मराठी घरंही आहेत. त्यातल्या एका घराच्या बॅकयार्डात जुलैतल्या कुठल्याही शनिवारी गेलात, तर चाळीस अंशांच्या उन्हात ग्रिलवर मक्याची कणसं उलटवणारा एक पन्नाशीचा गृहस्थ ही जाहिरात तुम्हाला तोंडपाठ म्हणून दाखवेल. आम्ही त्याला जीएम म्हणतो. जनरल मॅनेजर.

सॅक्रामेंटो किंग्ज या एनबीएतल्या बास्केटबॉल संघाला खरा, पगारी जनरल मॅनेजरही असतो, पण त्या पदाचं काही खरं नसतं. जेफ पेट्री 2013 साली पद सोडून गेले. मग पीट डिअलेसॅन्ड्रो आले, मग व्लादे दिवाच, मग माँटी मॅकनेअर, आणि 2025 पासून स्कॉट पेरी. एवढ्या काळात आमचा जीएम जागचा हललेला नाही. त्याला काढायचं तर आधी कुणीतरी नेमावं लागेल.

हा प्राणी एकट्या फॉल्समचा नव्हे. एनबीएत तीस संघ आहेत आणि प्रत्येक संघाच्या गावात तो कुठल्याही वर्णाचा, कुठल्याही भाषेत बोलणारा सापडतो. साधा प्रेक्षक सामना बघतो. त्याहून जाणता असतो तो कोचच्या चुका काढतो. जीएम या दोघांच्या पलीकडे गेलेला असतो. तो रोस्टरमधली रिकामी जागा बघतो. संघाला पंधरा जणांशी पूर्ण करार करता येतो, शिवाय तीन टू-वे, म्हणजे थोडे दिवस इकडे आणि थोडे दिवस धाकट्या लीगमध्ये काढणारी पोरं. पहिली आठ-नऊ नावं जगाला माहीत असतात. जीएमचं राज्य तेराव्या नावापासून सुरू होतं.

30 जूनला, आमच्या घड्याळात दुपारी तीनला, करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार उघडतो. त्या तासाला ऑफिसातल्या तरुण पोरांचे फोन थरथरत असतात. अमका तमक्याकडे गेला, चार वर्षं, बारा कोटी डॉलर. जीएम तेव्हा मान खाली घालून कुणाचा तरी कोड तपासत असतो. विचारलंच कुणी तर म्हणतो, "गर्दी ओसरू दे."

गर्दी आठवड्याभरात ओसरते, कारण पैसे संपतात. संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते. 2024-25 च्या हंगामात ती सुमारे 14 कोटी 6 लाख डॉलर होती. ती ओलांडता येते, पण ठरावीक वाटांनी. आपलाच जुना खेळाडू राखायचा असेल तर ओलांडता येते, एक मधल्या रकमेची सवलत असते तीतून येते, आणि माणूस किमान पगारावर येत असेल तर येते. पहिल्या वाटा लवकर संपतात. ही शेवटची वाट जवळपास कधीच बंद होत नाही, आणि जीएमचा मुक्काम त्याच वाटेवर असतो. लीग आणि खेळाडूंमधल्या 2023 च्या नव्या करारानं अतिखर्चिक संघांच्या बाकीच्या वाटा इतक्या आवळल्या, की गडगंज मालकांनाही आता किमान पगाराच्या रांगेत यावं लागतं. हे जीएमला मुळीच रुचलेलं नाही. "आपल्या गल्लीत मर्सिडीज लावायला लागलेत लेकाचे," असं तो म्हणतो.

किमान पगाराचा एक पोटनियम आहे, तो सांगताना त्याचा आवाज हळवा होतो. जितकी वर्षं जास्त खेळलात तितका तुमचा किमान पगार जास्त. दहा वर्षं झालेल्या खेळाडूला 2024-25 मध्ये किमान 33 लाख डॉलर द्यावे लागत, दोन वर्षं झालेल्याला सुमारे 21 लाख. असं असेल तर संघ जुन्याजाणत्यांना विचारणारच नाहीत. म्हणून लीगनं सोय केली: करार एका वर्षाचा असेल, तर संघाच्या खात्यावर दोन वर्षंवाल्याचाच आकडा पडतो आणि वरचे बारा लाख लीग भरते.

"म्हणजे बघ," जीएम कणसाला लिंबू चोळत म्हणतो, "आठ वर्षांचा जास्तीचा अनुभव फुकट!"

"आणि ते एकवीस लाख?" आतून बायको.

"ते पण फुकटातच जमा."

"मग दोन लाख आपल्यालाही आण. डिशवॉशर गेलाय."

डिशवॉशरची वॉरंटी कधी संपली हे त्याला माहीत नसतं. बाकावरच्या चौदाव्या माणसाचा कच्चा करार 10 जानेवारीला पक्का होतो, म्हणून नको असेल तर त्याला 7 तारखेपर्यंत सोडावं लागतं, हे मात्र तो झोपेतही सांगेल. 5 जानेवारीपासून दहा दिवसांचे करार सुरू होतात, हेही. आणि दुसऱ्या संघानं मोकळा केलेला खेळाडू हंगामानंतरच्या प्लेऑफसाठी वापरायचा असेल, तर तो 1 मार्चपर्यंत मोकळा झालेला हवा, हेही. लग्नाचा वाढदिवस 4 मार्चला येतो. 1 तारीख उलटून गेलेली असल्यामुळे तो त्याच्या लक्षात राहतो, एवढं बायकोचं नशीब.

लोकांना वाटतं, हा माणूस स्वभावानंच चिकट असणार. अजिबात नाही. हॉटेलात बिल वाचल्याशिवाय सही करतो. ग्रिल घेतला तो दुकानातला सगळ्यात महागडा. सवलतीचं कुपन त्यानं आयुष्यात कापलेलं नाही. काटकसर करतो ती फक्त दुसऱ्याच्या पैशांची, आणि तो दुसरा म्हणजे विवेक रणदिवे. 2013 साली किंग्ज सिॲटलला जाण्याच्या बेतात होते. तेव्हा रणदिव्यांच्या गटानं संघाची किंमत 53 कोटी 40 लाख डॉलर धरून तो विकत घेतला आणि सॅक्रामेंटोत ठेवला. रणदिव्यांचा जन्म मुंबईचा. एवढा धागा जीएमला पुरतो. "आपला माणूस आहे," तो म्हणतो, "सगळे मिळून लुबाडतील त्याला." रणदिव्यांना याची कल्पना नाही, पण फॉल्सममध्ये एक मनुष्य रात्री अकरा वाजता त्यांचे सात लाख डॉलर वाचवण्यासाठी लिथुएनियाच्या लीगचे सामने बघत असतो.

आता त्याची पारख. ती शुद्ध कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातली आहे. पोहे येईपर्यंत सेंटर बसलेला असतो आणि जीएम त्याला न दिसेल अशा बेतानं त्याचे घोटे बघत असतो. उंची आहे, पण सांगितली तेवढी आहे का? (2019 पर्यंत खेळाडूंची उंची बुटांसकट सांगायची रीत होती. पुढे लीगनं संघांना अनवाणी मोजून कळवायला सांगितलं, तेव्हा बरीच स्थळं रातोरात इंच-दीड इंचानं आखूड झाली.) आधीच्या घरी का पटलं नाही? कोचशी की सासऱ्याशी, म्हणजे मालकाशी? चीनमध्ये दोन वर्षं कशाला काढली? एवढी चौकशी झाली की जीएमचा ठेवणीतला प्रश्न येतो: "नांदेल का?" सेंटर दिसायला साधा असावा असा त्याचा आग्रह असतो. रुबाबदार सेंटर पुढे पगार मागतो.

मुलगी डेव्हिसला विद्यापीठात आहे. शनिवार-रविवारी आली की तिची आणि बापाची जुंपते.

"बाबा, पाच टीम्सनी काढलंय त्याला."

"म्हणजे पाच टीम्सनी घेतलंही होतं."

या वाक्याला उत्तर नाही. मी बराच विचार करून पाहिला.

पारखीचा सराव करायला मैदानही लागतं, आणि या बाबतीत किंग्जनी जीएमची उत्तम सोय केली. 2006 नंतर संघ सलग सोळा हंगाम प्लेऑफला गेला नाही. एनबीएच्या इतिहासात एवढा लांब दुष्काळ कुणाच्या वाट्याला आलेला नाही. वीस-पंचवीस गुणांनी मागे पडलो, की चौथ्या क्वार्टरला लोक गाडीकडे निघत. किंग्जच्या प्रेक्षकांत गायीच्या गळ्यातली घंटा वाजवायची जुनी रीत आहे, ती घंटाही गप्प होई. मग कोच सरावाचे कपडे अंगावरून काढायची सवय मोडलेल्या पोरांना मैदानावर पाठवी, आणि नेमका त्याच क्षणी जीएम खुर्चीत पुढे सरके. बाकीच्यांचा सामना संपलेला असे, याचा सुरू होई. कोण हरलेल्या सामन्यातही पाठलाग करतो? कोण चेंडू हातात आला की थेट स्वतःच्या नावावर गुण लावायला धावतो? असल्या तीन-चार मिनिटांच्या खेळावरून तो माणसाचं चारित्र्य ठरवतो. खरं सांगायचं तर हे शास्त्र अगदीच पोकळ नाही. खऱ्या संघांचे शोधक धाकट्या लीगमध्ये जाऊन हेच बघतात. फरक एवढाच, की त्यांना येण्याजाण्याचा भत्ता मिळतो.

जीएम स्वतःच्या पेट्रोलनं स्टॉकटनला जातो. किंग्जचा धाकटा संघ 2018 पासून तिथे खेळतो. सॅक्रामेंटोहून दक्षिणेला तासाभराच्या आत पोचता येतं. अमेरिकेतल्या शिखांचं पहिलं गुरुद्वार याच गावात 1912 साली उभं राहिलं. जीएम आम्हाला तिथल्या लंगरचं आमिष दाखवून गाडीत बसवतो आणि जेवण झालं की सरळ स्टेडियममध्ये नेतो. आत खुर्च्या रिकाम्या, तिकीट स्वस्त आणि मैदानावर उद्याचा पंधरावा माणूस. हे वातावरण त्याला इतकं मानवतं, की 2025 च्या वसंतात स्टॉकटन किंग्ज त्या लीगचे विजेते झाले तेव्हा त्याला जरा काळजीच वाटली. आता लोक यायला लागतील.

त्याच्या बोलण्यात तीन नावं नेमानं येतात. पहिलं जेरेमी लिन. हार्वर्डमध्ये शिकलेल्या या पोराला 2011 च्या डिसेंबरात, एकाच महिन्यात, दोन संघांनी सोडलं. न्यूयॉर्कनं जागा भरायची म्हणून उचललं, आणि फेब्रुवारी 2012 मध्ये त्यानं लेकर्सविरुद्ध 38 गुण केले. दुसरं गॅरी पेटन धाकटा. 2021 च्या ऑक्टोबरात शेजारच्या गोल्डन स्टेट वॉरियर्सनी त्याला काढलं, तेव्हा तो त्याच संघात व्हिडिओ विभागात नोकरी मिळते का, याची चौकशी करत होता. मग पंधरावी जागा त्यालाच मिळाली आणि पुढच्या जूनमध्ये विजेतेपदाची अंगठी. त्याच संघात ऑटो पोर्टर किमान पगारावर आलेला होता, हे वेगळंच. वॉरियर्सचं नाव निघालं की फ्रीमाँटच्या मेहुण्याचा फोन ठरलेला. "भावोजी, तुमच्याकडे का नाही हो सापडत असले?" मेहुण्याला या विषयातलं ओ की ठो कळत नाही, पण स्टीफन करीसारखा हुकमी माणूस घरात असला की बाकीचे चौदा कसेही निवडले तरी चालतं, एवढं ज्ञान त्याला आहे.

तिसरं नाव हसन व्हाइटसाइड, आणि ते घेताना जीएम ग्रिल बंद करतो. सात फुटी सेंटर. 2010 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, किंग्जनीच घेतलेला, तेहतिसावा. दोन हंगामांत मिळून त्याला एकोणीस सामने खेळवलं आणि 2012 साली सोडून दिलं. तो लेबनॉनमध्ये खेळला, चीनमध्ये खेळला, आणि 2014 च्या नोव्हेंबरात मायामीनं त्याला जवळपास रस्त्यावरून उचललं. पुढच्याच हंगामात, म्हणजे 2015-16 ला, सबंध लीगमध्ये सगळ्यात जास्त फटके त्यानं अडवले. मग मायामीनं त्याच्याशी चार वर्षांचा 9 कोटी 80 लाखांचा करार केला. इथवर गोष्ट कुठल्याही गावाची होऊ शकते. शेवट मात्र फक्त सॅक्रामेंटोत होऊ शकतो. 2020 साली, भर ओसरल्यावर, तो किमान पगारावर परत आला तो किंग्जकडेच. "स्वस्त होता तेव्हाही आपला, स्वस्त झाला तेव्हाही आपला," जीएम म्हणतो, "मधली चांगली वर्षं तेवढी लोकांनी वापरली."

आयझेया थॉमसचा विषय काढायचा नाही, अशी घरात ताकीद आहे. तो पाच फूट नऊ इंचांचा. 2011 च्या ड्राफ्टमध्ये साठावा, म्हणजे अगदी शेवटचा. 2013-14 च्या हंगामात किंग्जसाठी त्यानं सामन्याला वीस गुणांची सरासरी राखली. इतक्या स्वस्तात इतके गुण देणारा माणूस गावाला मिळाला होता, तो 2014 च्या उन्हाळ्यात फिनिक्सला जाऊ दिला. तिथे त्याला चार वर्षांचे 2 कोटी 70 लाख मिळाले. पुढे बॉस्टनमध्ये 2016-17 ला त्याची सरासरी 28.9 झाली. त्या हंगामात जीएमनं बॉस्टनचे सगळे सामने बघितले आणि कुणाशी धड बोलला नाही. नंतर थॉमसच्या कमरेच्या सांध्यानं दगा दिला आणि तो दहा-दहा दिवसांच्या करारांवर या संघातून त्या संघात हिंडू लागला. तेव्हा दर जानेवारीत जीएमचा एकच धोशा असे: दहा दिवस तरी आपल्याकडे आणा.

शेजारच्यांचं स्वस्त ते आपल्याला महाग पडण्याची किंग्जची हातोटी निराळीच. डेनिस श्रूडरनं 2021 साली लेकर्सचे 8 कोटींच्या वरचे पैसे नाकारल्याच्या बातम्या होत्या. मग बाजारात कुणी तेवढे देईना, आणि तो जेमतेम 59 लाखांवर बॉस्टनला गेला. 2025 साली तो किंग्जकडे आला, तीन वर्षांसाठी, साडेचार कोटींच्या आसपास. जीएमनं त्या दिवशी उपास केला. एकादशी होती म्हणून केला असं तो सांगतो. मी पंचांग पाहिलेलं नाही.

हे सगळं ऐकून कुणालाही वाटेल, की जीएमला स्वस्त खेळाडू हवा असतो. ते अर्धंच खरं आहे. त्याला बाकीच्यांना न दिसलेला खेळाडू हवा असतो, आणि स्वस्त असणं हा त्याचा पुरावा. किमान पगार म्हणजे तीस संघांतल्या तीस शहाण्यांनी आपण चुकल्याची दिलेली सही. म्हणूनच खेळाडू चमकला, की जीएमची पंचाईत होते. चमकला हे तर सिद्ध झालं, पण आता तो सगळ्यांना दिसणार, आणि दिसला की महाग होणार.

मलिक मंकचं उदाहरण घ्या. 2021 साली तो लेकर्सकडे किमान पगारावर होता. 2022 ला किंग्जनी त्याला दोन वर्षांच्या 1 कोटी 90 लाखांत आणलं. त्या दोन वर्षांत आमच्या घरांतून तो फक्त 'मलिक' होता. मलिकला ताप आलाय, मलिकचा पाय मुरगळलाय, मलिकनं आज धमाल केली. 2024 मध्ये त्याच्याशी चार वर्षांचा 7 कोटी 80 लाखांचा करार झाला. दुसऱ्या दिवशीपासून जीएम त्याला 'मंक' म्हणू लागला. चेंडू हातातून निसटला की 'मिस्टर मंक'.

कीऑन एलिसचं तसं झालं नाही, म्हणून त्याच्यावरचं प्रेम अबाधित राहिलं. 2022 च्या ड्राफ्टमध्ये अठ्ठावन्न नावं पुकारली गेली, त्यात याचं नव्हतं. किंग्जनी टू-वे करारावर घेतलं, स्टॉकटनला धाडलं, आणि तिथल्या रिकाम्या खुर्च्यांतून जीएमनं त्याला बघितलं. सडसडीत पोरगा, स्वतःहून चेंडू न मागणारा, समोरच्याच्या अंगाला सावलीसारखा चिकटणारा. 2024 च्या फेब्रुवारीत त्याला पूर्ण करार मिळाला. एप्रिलमध्ये वॉरियर्सविरुद्ध हराल तर घरी जाल असा सामना होता, त्यात तो पहिल्या पाचांत उतरून करीच्या मागे धावत होता. त्या रात्री वॉरियर्सच्या क्ले थॉम्पसननं दहा फटके मारले आणि दहाही चुकले. किंग्ज जिंकले. संघ जिंकला, की सॅक्रामेंटोत स्टेडियमच्या छपरावरून आभाळात जांभळा झोत सोडतात. गाव तो झोत बघत होतं. जीएम गाडी थांबवून मेहुण्याला फोन लावत होता. पलीकडून कुणी उचलेना.

"मी तेव्हाच म्हटलं होतं" हे त्याचं लाडकं वाक्य, आणि गंमत म्हणजे ते खरं असतं. त्यानं तेव्हाच म्हटलेलं असतं. फक्त त्यानं तेव्हा अजून चाळीस जणांबद्दल तेच म्हटलेलं असतं, आणि ते चाळीस आज अंकारा, कौनास, शांघाय अशा ठिकाणी सुखानं नांदत असतात. त्यांच्याबद्दल विचारलं तर तो निरुत्तर होत नाही. "त्यांना मिनिटंच दिली नाहीत," हे उत्तर चाळिसांनाही लागू पडतं.

भावनेला मात्र तो या व्यवहारात थारा देत नाही. 2015 च्या एप्रिलमध्ये किंग्जनी सिम भुल्लरला दहा दिवसांच्या करारावर घेतलं. साडेसात फुटांच्या आसपासचा, टोरांटोकडचा पंजाबी मुलगा. एनबीएत खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. आमच्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या व्हॉट्सॲप शुभेच्छा एव्हाना ओसरल्या होत्या, त्या जागी भांगडा सुरू झाला. सगळ्यांनी जीएमला अभिनंदनाचे फोन केले: भारतीय आहे, सेंटर आहे, शिवाय दहा दिवसांचा, म्हणजे स्वस्त. याहून काय हवं? जीएम कोरडेपणानं म्हणाला, "पाय हलत नाहीत." भुल्लर तीन सामने खेळला. जीएमचं मत बरोबर निघालं आणि मंडळात त्याच्याशी काही जणांनी बोलणं टाकलं. भुल्लरच्या नावाची जर्सी त्यानं पूर्ण किमतीला घेऊन कपाटात ठेवलेली आहे, हे मला त्याच्या बायकोनं सांगितलं. तो विषय मी कधी काढत नाही.

2019 च्या ऑक्टोबरात किंग्ज आणि इंडियाना पेसर्स वरळीच्या डोममध्ये खेळायला गेले. भारतातले एनबीएचे ते पहिले सामने. जीएमनं ठाण्याच्या भाच्याला खटपट करून आत घुसवलं आणि फोनवर बजावलं, मोठ्या नावांकडे बघू नकोस, बाकाच्या टोकाकडे बघ. हे हंगामाच्या आधीचे सामने आहेत, यातच पंधरावा माणूस ठरतो. भाचा क्रिकेटवाला. पहिला सामना जादा वेळेत जाऊन किंग्ज एका गुणानं हरले, सगळा डोम उभा राहिला, आणि या बिचाऱ्यानं मामाच्या आज्ञेवरून बाकावरच्या माणसांच्या टॉवेलांचे फोटो पाठवले. "टॉवेल नीट घडी करतो तो कोण?" मामानं उलट विचारलं.

आणि मग 2025 चा ऑक्टोबर आला. रसेल वेस्टब्रुक, 2017 चा एमव्हीपी, म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, एनबीएत सर्वात जास्त ट्रिपल-डबल ज्याच्या नावावर आहेत तो, उन्हाळाभर बाजारात बसून राहिला. कुणी विचारीना. शेवटी हंगाम तोंडावर आल्यावर किंग्जकडे आला. एका वर्षासाठी, किमान पगारावर, अनुभव फुकट. जन्मभर ज्या गोष्टीचा जप केला ती देवानं छप्पर फाडून दिली होती. आम्ही पेढे घेऊन त्याच्या घरी गेलो.

जीएम सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता. चेहरा पडलेला.

"अरे, काय झालं? एमव्हीपी मिळाला, बावीस-तेवीस लाखांच्या हिशेबात!"

"याला काय शोध म्हणतात?" तो म्हणाला. "सगळं जग ओळखतं त्याला. माझी आईसुद्धा ओळखते."

आई साताऱ्याला असते. ती वेस्टब्रुकला का ओळखते, हे विचारायची ती वेळ नव्हती. पेढा त्यानं घेतला, अर्धा खाल्ला, आणि थोडा वेळ गेल्यावर दार नीट लागलंय ना याची खात्री करून लॅपटॉप माझ्याकडे वळवला. कुठल्यातरी जिमखान्याएवढ्या हॉलमध्ये सामना चालला होता. प्रेक्षक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एक हडकुळा उंच पोरगा बास्केटखाली धक्के खात उभा होता.

"डावरा आहे," जीएम कुजबुजला. "मागच्या महिन्यात दोघांनी सोडलाय. मेहुण्याला बोलू नकोस."